‘घ्या खाली’ म्हणणारा माणूस

वाटूरच्या गयाकाकू चांगल्या जिवंत असताना मी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांचा दुखवटा केला. चपला खाली काढल्या, त्यांच्या मुलाच्या, बबनच्या, पाठीवरून हात फिरवला, आवाज जड केला आणि म्हणालो, "सुटल्या बिचाऱ्या. फार हाल झाले न्हाईत, हेच नशीब." बबन माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. मला वाटलं, दुःखानं सुन्न झालाय.

माझी बाजूही ऐकून घ्या. गल्लीच्या तोंडाशी तिरडी बांधणं चाललं होतं. माणसं गयाकाकूंच्या ओट्यावर माना खाली घालून बसली होती. काकू दिवाळीपासून माझ्या खाटेवर आणि माझ्या ऑक्सिजनच्या मशीनवर. यातून दुसरा काय अर्थ निघतो? पण गेले होते ते शेजारचे किसनराव. धडधाकट माणूस, म्हशीची धार काढता काढता कलंडला. त्यांच्या घराला ओटा नव्हता, म्हणून लोक इकडं बसले होते. आणि मग आतून आवाज आला, "बबन्या, कोण सुटलं रे? खाटवाला आलाय का?"

मला लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. आत माझंच मशीन घरघरत होतं आणि ते मला ऐकू आलं नाही. गेलेल्या माणसाला ऑक्सिजन लावून कोण ठेवतं? आणि मी स्वतःला धंद्यातला माणूस म्हणवतो.

धंदा असा. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझं दुकान आहे. पाटीवर इंग्रजीत बरंच काही लिहिलंय, लोक मला खाटवाला म्हणतात. पेशंटला दवाखान्यातून घरी आणलं की लागणाऱ्या वस्तू मी भाड्यानं देतो. पायथ्याशी हँडल असलेली लोखंडी खाट. हँडल फिरवलं की डोक्याकडचा भाग वर येतो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आळीपाळीनं फुगणारी गादी. घरातल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, आणि लाईट गेली तर जोडीला सिलिंडर. सामान पोचवायचं, जोडून द्यायचं, घरच्यांना शिकवायचं, काम झालं की परत आणायचं. ‘काम झालं की’ म्हणजे काय, ते दोन्हीकडच्यांना कळतं आणि दोन्हीकडचे बोलत नाहीत. दहावा होईपर्यंत मी खाटेचा फोन करत नाही. हा नियम मला कोणी शिकवला नाही, मी कोणाला शिकवला नाही, पण या धंद्यातले आम्ही सगळे तो पाळतो. कायदा न करता पाळला जाणारा या विषयातला हा बहुधा एकुलता एक नियम.

नवीन गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "भाऊ, या खाटेवर कोणी गेलेलं न्हाई ना?"

मी छातीवर हात ठेवून सांगतो, "एकही न्हाई."

आणि हे शंभर टक्के खरं असतं. कारण आमच्याकडं माणसाला खाटेवर जाऊ देतच नाहीत. शेवटचं दिसू लागलं की त्याला खाटेवरून उचलून जमिनीवर घेतात, तोंडात पाणी घालतात. खाटेवर प्राण गेला तर तो अधांतरी राहतो म्हणतात. माझ्या सगळ्या खाटा त्यामुळं निष्कलंक आहेत.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असतात. नवीन जालन्यातल्या एका बंगल्यात मी सगळ्यात मोठं मशीन पोचवलं. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर मशीन हॉलमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं, आणि म्हातारे आतल्या खोलीत. नळी पोचत नव्हती. थोरल्या चिरंजीवांनी मशीनशेजारी उभं राहून फोटो काढला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘बाबांसाठी काहीही’. मी म्हणालो, "काहीही राहू द्या, मशीन आत न्या." तर म्हणाले, "आत सॉकेट न्हाई हो." तेव्हापासून टेम्पोत मी लांब नळीचा एक गुंडाळा कायम ठेवतो. तो गुंडाळा लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

तर काकूंनी मला आत बोलावलं. खाटेवर तक्क्याला टेकून बसल्या होत्या, नाकात नळी, मांडीवर वाटाण्याच्या शेंगा. फुप्फुसं गेलेली. जन्मभर चुलीचा धूर आणि जिनिंगमधला कापूस, दोन्ही आत साठलेलं. दोन वाक्यांमध्ये दम लागायचा, पण बोलणं थांबायचं नाही.

मी म्हणालो, "काकू, चुकलं. मला वाटलं..."

"वाटलं ते वाटलं. बस. काय म्हणलास तू? सुटली बिचारी, फार हाल झाले न्हाईत. असंच म्हणलास ना?"

"हो."

"मंग मला तेच पाहिजे. किसनभाऊजींना फुकटात भेटलं. मला कोण देतं?"

आणि मग त्यांनी नवऱ्याची गोष्ट सांगितली. काकांना मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं. काचेच्या आड ठेवलेले. घशात नळी, मुलं बाहेर बाकावर. काकूंना एकदा आत सोडलं. "हात बांधले होते रे त्यांचे. खाटेच्या दांडीला. चोराचे बांधतात तसे. म्हणे, नळ्या ओढतेत. आता नळी टोचली तर माणूस ओढंलच की. मला बघून नुसती बोटं हलवली. अशी." काकूंनी शेंगांमध्ये बोटं हलवून दाखवली. "माझे हात बांधायचे न्हाईत. शेवटी खाली घ्यायचं, नाकातलं हे काढायचं, आणि तोंड दाराकडं करायचं. कोण येतंय, कोण जातंय, दिसलं पाहिजे. टीव्हीवर सांगून राह्यले, कोर्टानं परवानगी दिली म्हणून. लिहून ठेवता येतं म्हणे. येतं का?"

दुखवटा करून बसलेला माणूस नाही कसं म्हणणार? "येतं काकू. मी करून देतो."

आता कायद्याचं थोडं सांगतो, कारण यावर जेवढं बोललं जातं तेवढं कोणाला माहीत नसतं. परदेशात काही ठिकाणी डॉक्टरच्या मदतीनं मरण मागून घेता येतं. आपल्याकडं नाही. सुई टोचून मारणं आपल्याकडं गुन्हाच आहे. दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं परवानगी दिली ती एवढीच, की सुधारण्याची आशा उरली नसेल तर नुसता श्वास लांबवणारी यंत्रं काढता यावीत, आणि तशी इच्छा माणसानं शुद्धीवर असताना लिहून ठेवावी. दोन साक्षीदार, नोटरी, आपल्या वतीनं कोणी बोलायचं त्याचं नाव, आणि एक प्रत नगरपालिकेत नाहीतर ग्रामपंचायतीत. आधी नियम याहून कडक होते, मग कोर्टानंच सोपे केले. सोपे केले ते दिल्लीत. जालन्यापर्यंत येता येता त्यांना पुन्हा गाठी पडल्या.

टीव्हीवर मात्र या दोन्ही गोष्टींची एकच खिचडी. सहा चौकटींत सहा तोंडं. एक जण म्हणतो, मुलं इस्टेटीसाठी बापाला मारतील. दुसरा म्हणतो, हा मानवाचा मूलभूत हक्क. तिसरा धर्म काढतो, चौथा तिसऱ्याची अक्कल काढतो. मध्ये जाहिरात लागते ती आयुर्विम्याची. एवढं बोलून त्यांच्यातल्या एकानंही स्वतःचा कागद केला असेल, तर मी माझी एक खाट फुकट द्यायला तयार आहे. हातांना बांधतात, यावर मात्र एक शब्द नाही. कदाचित एकाचेही हात कधी बांधले गेले नसावेत.

जालन्यातही त्या सुमारास एका मंडळानं परिसंवाद ठेवला. ‘इच्छामरण : शाप की वरदान’. हॉल एसी, व्यासपीठावर झेंडूच्या माळा. मी काकूंच्या कामाचं काही कळेल म्हणून गेलो. पहिल्या वक्त्यांनी पुराणकाळापासून सुरुवात केली आणि त्यांची वेळ संपली तेव्हाही ते पुराणकाळातच होते. दुसऱ्यांनी युरोप फिरवून आणला. तिसरे डॉक्टर होते. त्यांनी मोबाईल तीनदा घेतला आणि ‘जीवन अनमोल आहे’ म्हणून निघून गेले. शेवटी प्रश्नोत्तरं. मी उभा राहिलो. म्हणालो, "वाटूरची एक म्हातारी आहे. तिला असा कागद करायचाय. तो ग्रामपंचायतीत कोणाच्या हातात द्यायचा?"

अध्यक्षांनी डोळे मिटून मान डोलावली. "प्रश्न अतिशय मूलगामी आहे." आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. बाहेर मला एक गुलाबाचं फूल आणि एक समोसा मिळाला. समोसा चांगला होता, हे नमूद केलं पाहिजे.

मग आम्ही परतूरला नोटरींकडं गेलो. काकूंना मी टेम्पोत पुढं बसवलं, पायाशी सिलिंडर. वकीलसाहेबांनी खालीच येऊन अंगठा घ्यायचं कबूल केलं होतं, एवढं त्यांचं भलं. कागद वर-खाली पाहिला.

"हे मृत्युपत्र आहे का?"

"न्हाई साहेब. मरायच्या आधीचं आहे. यंत्रं लावू नका म्हणून."

"मंग जमीन कोणाला?"

"जमिनीचा विषयच न्हाई यात."

"जमिनीचा विषय न्हाई?" वकीलसाहेब काकूंकडं वळले. "मावशी, जमिनीचा विषय न्हाई तर कागद कशाला करून राह्यलात?"

काकूंनी नाकातली नळी सारखी केली. "साहेब, जमिनीवर घ्या म्हणते मी. जमीन द्या म्हणत न्हाई. मारा शिक्का."

साक्षीदार म्हणून एक गावातला पिठाच्या गिरणीवाला आणि दुसरा मी. आपल्या वतीनं कोण बोलणार, इथं काकूंनी धाकट्याचं, बबनचं, नाव सांगितलं. थोरला अशोक पुण्यात मोठ्या कंपनीत. बबननं त्याला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, हे काय काढलंस? लोक काय म्हणतील? मी पैसे पाठवत नाही का?"

"पैशाचं कोण बोललं? मला बांधायचं न्हाई, एवढंच."

"आणि माझं नाव का नाही? मी थोरला ना?"

"तू शिकलेला हायेस, राजा. तू विचार करीत बसशील. तवर माझी बोटं दुखतील."

अशोकनं फोन ठेवला. बबन कधी फोनकडं बघतोय, कधी आईकडं. धाकट्या भावाला असा मान मिळाला की त्याची पहिली प्रतिक्रिया भीतीची असते.

ग्रामसेवकांनी तर हात वर केले. "मयताची नोंद आमच्याकडं. पण मेल्यावर. ह्या आजी तर जित्या आहेत." मी मोबाईलवर कोर्टाची बातमी दाखवली. ती त्यांनी पूर्ण वाचली, आदरानं वाचली, आणि विचारलं, "ह्याचा नमुना नंबर कोणता?" ग्रामपंचायतीत प्रत्येक गोष्टीचा नमुना असतो. मरणाच्या इच्छेचा निघालेला नव्हता. शेवटी त्यांनी तो कागद ‘संकीर्ण’ नावाच्या फाईलीत लावला. त्या फाईलीत आधी काय होतं, तर मोकाट डुकरांबद्दलचा एक तक्रारअर्ज. भारताच्या नागरिकाचा सन्मानानं मरण्याचा हक्क वाटूरला त्या डुकरांच्या पाठीमागं सुरक्षित आहे.

मी खुश होतो. घरी येऊन बायकोला, मीराला, म्हणालो, "जालना जिल्ह्यातला पहिला कागद असंल." ती म्हणाली, "पहिला आलात तर पेढे आणा." 

मग तो दिवस आला. काकूंना गुंगी यायला लागली. हाक मारली तर डोळे उघडायच्या, पुन्हा मिटायच्या. रात्री बबननं घाबरून अशोकला फोन केला. अशोकनं पुण्यातून गाडी काढता काढता जालन्याच्या एका मोठ्या दवाखान्याची अँब्युलन्स वाटूरला धाडली. बबन ‘कागद, कागद’ म्हणत राहिला आणि अँब्युलन्स निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्याचा फोन. तो रडत नव्हता, ते जास्त वाईट होतं.

"दादा, आईचे हात बांधलेत."

मी कागदाची प्रत घेऊन पळालो. डॉक्टर तरुण होते, डोळे तांबारलेले. चांगला माणूस. कागद त्यांनी दोनदा वाचला. "मी याबद्दल ऐकलंय. बघतोय पहिल्यांदा." मग त्यांनी समजावून सांगितलं. तोंडावर दाबून हवा देणारा मास्क लावलाय. त्या तो ओढतात, म्हणून हात बांधले. सुधारणा दिसत नाही. संध्याकाळपर्यंत घशात नळी घालायची की नाही, ते ठरवावं लागेल. काढायचंच असेल तर नियम असा: आधी दवाखान्यातल्या तीन डॉक्टरांचं मंडळ. मग आणखी तिघांचं दुसरं, त्यात एक जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी नेमलेला. मग न्यायाधीशांना कळवायचं.

"मग करा की साहेब," बबन म्हणाला.

"आमच्याकडं तिसरा तज्ज्ञ गुरुवारी येतो. आणि दुसऱ्या मंडळाचं मी कोणाला विचारू, हेच मला आत्ता कोणी सांगू शकत नाहीये." त्यांनी आवाज खाली आणला. "नाहीतर तुम्ही आपल्या जबाबदारीवर घरी न्या. एक सही लागते."

ऐका. कायद्यानं सोडवायचं तर सहा डॉक्टर आणि एक न्यायाधीश. रिवाजानं सोडवायचं तर एक सही, तीही नातेवाइकाची, आणि वर लिहायचं ‘सल्ल्याविरुद्ध’. जो सल्ला देतोय त्याच्याच सल्ल्यावरून त्याच्या सल्ल्याविरुद्ध. कोर्ट बोललं, टीव्ही बोलला, मंडळानं समोसे वाटले, आणि शेवटी माणसं घरी गेली ती आजोबा-पणजोबा जात होते त्याच दारानं.

एवढ्यात अशोक पोचला. रात्रभर गाडी चालवलेली, शर्ट चुरगळलेला. बबननं सांगायला सुरुवात केली तसा तो माझ्याकडं वळला.

"हे कागदाचं खूळ तुम्ही घातलं ना तिच्या डोक्यात?"

"दादा, काकूंनीच..."

"तुम्ही खाटा भाड्यानं देता. माझ्या आईच्या मरणाशी तुमचा काय संबंध? मी तिला वाचवायला आलोय. पुण्याला नेतो."

त्याचा प्रश्न बराबर होता. मी याच प्रश्नावर इतकी वर्षं पोट भरलंय. मी साक्षीदार आहे, असं मी पुटपुटलो. ते मला स्वतःलाच पटलं नाही.

भेटायची वेळ झाली. एकालाच सोडणार होते. अशोक गेला. काचेतून आम्हाला दिसत होतं. काकूंच्या मनगटांना गॉजची पट्टी, पट्टी खाटेच्या दांडीला. डोळे मिटलेले. अशोकनं त्यांच्या हातावर हात ठेवला. काकूंची बोटं हलली. शेंगांमध्ये हलवून दाखवली होती, तशीच. अशोकनं वाकून गाठ सोडली. नर्सनं येऊन काहीतरी समजावलं आणि पुन्हा बांधली, कठोरपणानं नाही, तिचं कामच ते. अशोक बघत उभा राहिला. मग बाहेर आला आणि आमच्यापैकी कोणाकडं न बघता म्हणाला, "सही कुठं करायची?"

दुपारी आम्ही वाटूरला होतो. मी पुढं जाऊन मशीन चालू करून ठेवलं होतं. काकूंना खाटेवर ठेवलं, नाकात साधी नळी. श्वास लांब लांब पडत होता. मधल्या थांब्यात सगळी खोली थांबायची. गल्ली जमली. बायका भिंतीकडं, पुरुष दाराशी. आणि सगळे कशाची तरी वाट बघत होते.

कशाची, ते मला जरा उशिरा कळलं. प्रत्येक गल्लीत एक माणूस असतो. तो नाडी धरतो, डोळ्यांकडं बघतो आणि म्हणतो, "घ्या खाली." त्यानं म्हटलं की घरचे सुटतात. आपण म्हटलं नाही, त्यांनी म्हटलं. ना डिग्री, ना मंडळ. चुकतोही. या गल्लीतल्या या माणसानं एकदा एका म्हाताऱ्याला खाली घ्यायला लावलं होतं, तर तो जमिनीवर घेतल्याघेतल्या उठून बसला, जेवायला मागितलं आणि पुढं तीन पावसाळे पचवले. पण म्हणायचा तोच. आणि तो माणूस म्हणजे किसनराव. ज्यांची तिरडी बघून मी काकूंचा दुखवटा केला होता, ते.

आता जागा रिकामी होती. आणि सगळ्यांच्या नजरा हळूहळू, टाळत टाळत, माझ्यावर येऊन बसल्या. खाटवाला. त्यानं किती पाहिलेत. शिवाय साक्षीदार.

गिरणीवाला माझ्या कानाशी म्हणाला, "भाऊ, म्हणा की."

मी काय केलं असेल? मशीनचं मागचं झाकण काढलं आणि हवेची जाळी झटकायला लागलो. जाळी स्वच्छ होती. मशीन चालू करतानाच मी ती धुतली होती. मग खाटेचं हँडल फिरवून डोक्याकडची बाजू थोडी वर केली. मग थोडी खाली केली. मग पुन्हा वर. बबन दोन्ही हात जोडल्यासारखे धरून उभा. त्याचं नाव कागदावर होतं, शिक्क्यासकट, आणि तोही माझ्याकडंच बघत होता.

खाटेच्या उशाशी अशोक बसला होता. तो काकूंच्या कानाशी वाकला. पुण्याची भाषा कुठं गेली कोण जाणे.

"आई, खाली घेऊ का गं तुला?"

काकू बोलूच शकत नव्हत्या. त्यानं कान त्यांच्या तोंडाशी नेला, जणू ऐकतोय. मग म्हणाला, "बबन, पाय धर."

दोघा भावांनी उचललं. बायकांनी सारवलेल्या जागेवर घोंगडी टाकली होती. आणि खाली घेता घेता नाकातली नळी ताणली गेली. मशीन खाटेच्या पलीकडं, भिंतीशी, सॉकेट तिथंच. नळी पोचेना. काकू अर्ध्या अधांतरी, भाऊ वाकलेले, आणि अशोकनं वर बघून विचारलं, "लांब नळी आहे का?"

सगळ्या देशातली चर्चा त्या घटकेला त्या नळीच्या लांबीवर येऊन थांबली होती. नाही म्हटलं असतं तर काकूंच्या मनासारखं आपसूक झालं असतं, कोणाच्या माथी काही नाही. मी साक्षीदार होतो. ‘नाकातलं हे काढायचं’ हे त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, त्याखाली माझी सही होती. पण गिऱ्हाइकानं वस्तू मागितली आणि ती माझ्याकडं आहे, तर तोंडातून दुसरं काही निघतच नाही.

"आहे ना. टेम्पोत आहे. आणतो." आणि मी दाराबाहेर एक पाय टाकलासुद्धा.

"राहू द्या."

मी वळलो. अशोक आईच्या तोंडाकडं बघत होता. "तिनं नको म्हटलं होतं." त्यानं स्वतःच्या हातानं ती नळी काढली, कानामागून, एकेक बाजू, केस अडकू न देता. काकूंना घोंगडीवर ठेवलं, तोंड दाराकडं केलं. दारात मीच उभा होतो, एक पाय आत, एक बाहेर. गिरणीवाल्यानं मला बाजूला ओढलं. "सरका भाऊ. त्यांना रस्ता दिसू द्या."

हात मोकळे होते. बबननं तोंडात पाणी घातलं. थोडा वेळ गेला, फार नाही. मशीन तसंच घरघरत होतं, कोणासाठीच नाही. ते बंद करायला मात्र सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ते मला जमलं.

ज्या माणसावर मी त्या व्हिडिओ कॉलपासून मनातल्या मनात थुंकत आलो होतो, त्यानं ते केलं. ज्यानं कागदासाठी परतूर-वाटूर केलं तो जाळी झटकत बसला. टीव्हीवरच्या तोंडांना मी आजही नावं ठेवतो, पण आता जरा हळू आवाजात.

दहावा झाल्यावर खाट आणली. अंगणात उभी करून फिनाईलच्या पाण्यानं धुवायला घेतली. मीरा बादलीनं पाणी टाकत होती, मी घासत होतो. घासता घासता तिला सगळं सांगितलं, नळीसकट.

"तुम्ही आणायला निघालात?"

"मागितली म्हणून."

"मंग साक्षीदार कशाला झाल्तात?"

मला राग आला. म्हणालो, "बोलायला सोपं आहे. मी तर ठरवलंय, आपण दोघं कागद करू. माझ्या वतीनं तू बोलायचं, तुझ्या वतीनं मी."

"मी बोलंन," मीरा म्हणाली. "तुमचं मी सांगंन बराबर. पण माझं तुम्हाला जमंल का?"

"न जमायला काय झालं?"

तिनं बादली खाली ठेवली, पदर खोचला आणि धुतलेल्या ओल्या खाटेवर कडेला बसली. "ही बघा, मी खाटेवर. म्हणा. ‘घ्या खाली.’ दोन शब्द आहेत."

मी हसलो. ती हसली नाही. मी घसा साफ केला. तिच्या पायाला फिनाईलचा फेस लागला होता. मी तोंड उघडलं, आणि काय झालं कळलं नाही, मी खाली वाकून खाटेचं हँडल फिरवायला लागलो.

मीरा उठली. बादली उचलली.

"राहू द्या. तुमच्यानं एवढंही व्हायचं न्हाई. म्हंजे तुम्हाला आधी धाडून मलाच मागं थांबावं लागणार."